सशाची साक्ष

पेशीच्या आत एक प्रथिन आहे. त्याला स्वतःला कसलंही काम येत नाही आणि त्याच्यावाचून कुणाचंही काम होत नाही. आपल्याकडे लग्नं जुळवणारे एक काका असतात ना, थेट तसं. काका ना मुलाकडचे, ना मुलीकडचे. खर्चात त्यांचा वाटा नाही, मानपानात मात्र पहिला. ‘दोन्ही घरं माझ्या चांगल्या ओळखीची’ एवढ्या एकाच भांडवलावर त्यांनी गावातले निम्मे संसार उभे केलेले असतात. एका हाताने मुलाच्या बापाचा दंड धरायचा, दुसऱ्या हाताने मुलीच्या मामाचा, दोघांना एका सतरंजीवर आणून बसवायचं आणि पुढचं ज्याचं त्याने बघावं. पेशीतल्या या काकांचं नाव ग्रब-२. असल्या बिनकामाच्या पण अडून बसणाऱ्या प्रथिनांना शास्त्रज्ञ ॲडॅप्टर म्हणतात.

काकांची अंगकाठी लहानच. २१७ अमिनो आम्लं, वजन साधारण २५ किलोडाल्टन. (हा २५चा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळी रडारड त्याच्यावरूनच आहे.) मधला भाग एसएच-२ आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक एसएच-३. पेशीबाहेरून वाढीचा निरोप घेऊन ईजीएफसारखा रेणू आला आणि पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला चिकटला, की रिसेप्टरच्या आत लोंबणाऱ्या शेपटीवरच्या टायरोसीनला फॉस्फेट लागतं. एसएच-२चा जीव तेवढ्यावरच. फॉस्फेट लागलेला टायरोसीन दिसला रे दिसला की तो जाऊन चिकटतो. दोन्ही एसएच-३नी सॉस नावाच्या प्रथिनाला धरून ठेवलेलंच असतं. त्यामुळे सॉसही फरफटत पेशीच्या आवरणापाशी येतो. तिथे रास नावाचं प्रथिन जुना जीडीपी पोटाशी धरून झोपलेलं असतं. सॉस त्याला तो जीडीपी सोडायला लावतो, रिकाम्या जागी जीटीपी बसतो आणि रास खडबडून जागा होतो. मग राफ, मेक, अर्क अशी वर्दी खाली खाली जाते आणि पेशी विभाजनाच्या तयारीला लागते. या सगळ्या धामधुमीत ग्रब-२ने काय केलं? काही नाही. तो मध्ये उभा होता. पण ज्या उंदरांतून हा जनुक मुद्दाम काढून टाकला, त्यांचे गर्भ अगदी सुरुवातीच्या दिवसांतच संपले.

एसएच-२ हा तुकडा टोनी पॉसन यांच्या गटाने १९८६ साली ओळखला. पुढे १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये जोसेफ श्लेसिंजर यांच्या गटाने ग्रब-२ जगासमोर आणला. त्याच सुमाराला किडे पाळणाऱ्यांना त्यांच्या सूत्रकृमीत आणि माश्या पाळणाऱ्यांना त्यांच्या फळमाशीत हेच काका वेगळ्या नावांनी वावरताना सापडले. माशीवाल्यांचा विषय निघालाच आहे तर त्यांची बारशी करण्याची रीतही सांगून टाकतो. फळमाशीच्या डोळ्यातल्या प्रत्येक बारीक भिंगाखाली आठ प्रकाशपेशी असतात. काही माश्यांत एका जनुकाच्या बिघाडामुळे सातवी नव्हती, म्हणून त्या जनुकाला नाव दिलं सेव्हनलेस. त्याला शेजारच्या पेशीवरून खुणावणारं प्रथिन सापडलं, त्याचं नाव ब्राइड ऑफ सेव्हनलेस, म्हणजे नवरी. आणि खालच्या फळीत राबणारा सापडला तो सन ऑफ सेव्हनलेस, म्हणजे पोरगा. त्याचंच लाडाचं नाव सॉस. म्हणजे लग्न जुळवणाऱ्या काकांनी हाताशी धरलेलं ते पोर खरोखरच कुणाचा तरी चिरंजीव आहे.

आता खरी पंचाईत. एखादं प्रथिन एन्झाइम असेल तर त्याला पकडणं सोपं. ते काहीतरी तोडतं, जोडतं, मागे काही तयार करून ठेवतं. तेवढं मोजलं की झालं. ॲडॅप्टर मागे काहीच ठेवत नाही. तो फक्त कुणाच्या तरी शेजारी उभा असतो. तो होता का, किती होता, कुठे होता आणि मुख्य म्हणजे कुणाला धरून होता, एवढेच प्रश्न विचारता येतात, आणि त्यांची उत्तरं तो स्वतः देत नाही. त्यासाठी साक्षीदार लागतो. तो साक्षीदार म्हणजे अँटिबॉडी.

सर्वसाधारण समज असा की अँटिबॉडी म्हणजे ताप आल्यावर शरीरात तयार होते ती. ते खरंच आहे. पण प्रयोगशाळेतली अँटिबॉडी बहुधा सशाच्या शरीरात तयार होते, आणि सशाला ताप नव्हे, ग्रब-२ टोचलेला असतो. इथेही अडचण आहेच. सशाच्या अंगात त्याचा स्वतःचा ग्रब-२ असतो आणि तो माणसाच्या ग्रब-२सारखाच असतो, अगदी उन्नीस-बीसचा फरक. सशाच्या प्रतिकारशक्तीला त्यात परकं काही दिसत नाही. घरच्याच माणसावर कोण हात उगारणार? म्हणून ग्रब-२चा एखादा छोटा तुकडा घेतात आणि तो दुसऱ्या एका अवाढव्य प्रथिनाला चिकटवून देतात. हे अवाढव्य प्रथिन कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या एका समुद्री गोगलगायीच्या निळ्या रक्तातून काढलेलं असतं. ते पाहून ससा असा काही बिथरतो की त्या भरात चिकटलेल्या तुकड्याविरुद्धही अँटिबॉडी करून मोकळा होतो.

ससा मर्त्य आहे, हा या व्यवहारातला मोठा दोष. एका सशाचं रक्त संपलं की दुसऱ्या सशाला टोचायचं, आणि दुसऱ्या सशाची मतं पहिल्यासारखी असतीलच असं नाही. कंपनीच्या बाटलीवर नाव तेच, क्रमांक तोच, फक्त लॉट बदललेला. आणि चाचणीत कालपर्यंत जिथे एक सुबक पट्टा दिसत होता तिथे आज रेल्वेचे रूळ. यावर जॉर्जेस कोलर आणि सेझर मिलस्टाइन यांनी केंब्रिजमध्ये १९७५ साली उपाय काढला. उंदराच्या प्लीहेतली अँटिबॉडी बनवणारी पेशी त्यांनी कर्करोगाच्या अमर पेशीशी जोडून टाकली. आता उंदीर गेला तरी साक्षीदार जिवंत राहतो आणि जन्मभर एकच जबानी देतो. १९८४चं नोबेल त्यांना नील्स येर्ने यांच्यासोबत मिळालं. पेटंट मात्र घेतलं गेलं नाही. पुढे याच युक्तीवर अब्जावधींचा औषधधंदा उभा राहिला, हे ऐकून आमच्या ओळखीचे एक कारखानदार दोन दिवस जेवले नाहीत म्हणतात.

आता ही अँटिबॉडी पुण्यातल्या प्रयोगशाळेत कशी येते ते पाहू. कुपीत असतात शंभर मायक्रोलिटर, म्हणजे मोजून दोन थेंब. किंमत तीस-चाळीस हजार. लिटरचा भाव काढलात तर तीस-चाळीस कोटी. त्यामुळे बाटली उघडण्याआधी तिला सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून झाकणाला चिकटलेलासुद्धा खाली आणतात. खरेदीसाठी आधी इंडेंट, मग कोटेशन, मग ‘ही वस्तू दुसरीकडे मिळत नाही’ असं प्रमाणपत्र. एवढं झाल्यावर कागद भांडार विभागात जातो, आणि तिथले भाऊसाहेब चष्मा कपाळावर चढवून फोन करतात.

“मॅडम, यादीत ही शेळी कशासाठी लिहिलीय?”

“शेळी नाही हो भाऊसाहेब, गोट अँटी-रॅबिट. सशाविरुद्धची शेळीची अँटिबॉडी.”

“म्हणजे ससापण घ्यायचाय?”

“ससा गेल्या महिन्यातच आलाय. फ्रीजमध्ये आहे.”

“फ्रीजमध्ये? प्राण्यांच्या कमिटीची परवानगी काढली होती का? आणि पुढे हे हॉर्स काय? घोडासुद्धा?”

“तो घोडा नाही, मुळा आहे. हॉर्सरॅडिश. त्याचं एन्झाइम शेळीला जोडलेलं असतं.”

फोनवर बराच वेळ शांतता. मग, “मॅडम, खाली स्किम्ड मिल्क पावडर पाच किलो. ती तरी कॅन्टीनच्या खात्यात टाकू ना?”

भाऊसाहेबांचं काही चुकत नाही. प्रकरणच तसं आहे. वेस्टर्न ब्लॉट करायचा तर पेशीतली प्रथिनं जेलमध्ये वजनानुसार वेगळी करून एका पांढऱ्या पडद्यावर उतरवून घेतात. हा पडदा इतका अधाशी की समोर येईल ते प्रथिन चिकटवून घेतो. तसाच सोडला तर लिटरला तीस-चाळीस कोटींची अँटिबॉडी सगळ्या पडद्यावर फासली जाईल. म्हणून त्याचं पोट आधीच भरून ठेवायचं. त्यासाठी जगभर फार भारी रसायनं वापरून झाली आणि १९८४ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी दाखवून दिलं की साय काढलेल्या दुधाची पाच टक्के पावडर हे काम फर्मास करते. तेव्हापासून पेशीविज्ञानाचा मोठा भाग किराणा दुकानावर चालतो. पावडर मात्र बिनसाखरेची हवी. चहात घालायची गोड दूध पावडर आणणारा एक विद्यार्थी प्रत्येक प्रयोगशाळेत एकदा तरी येऊन जातो. आणि प्रथिनावरचं फॉस्फेट बघायचं असेल तर दूध नको, असा दंडक आहे, कारण दुधातल्या केसीनवर स्वतःचंच फॉस्फेट असतं. अशा वेळी गाईचं दूध बाजूला ठेवून तिच्या रक्तातलं अल्ब्युमिन वापरतात. गाय मात्र सुटत नाही.

दूध प्यालेल्या पडद्यावर मग सशाची अँटिबॉडी. तिच्यावर शेळीची, जी सशाला ओळखते. शेळीला जोडलेला मुळा, जो रसायन मिळाल्यावर प्रकाश देतो. गोगलगाय, ससा, शेळी, मुळा आणि गाय एवढ्यांनी एकमताने सांगितलं की ‘ग्रब-२ इथे आहे’, की आपण शोधनिबंधात लिहितो, ‘आकृती एक अ मध्ये स्पष्ट दिसल्याप्रमाणे’. पंचतंत्रात इतके प्राणी एका गोष्टीत नसतात.

सशाची अँटिबॉडी एकदा वापरून फेकून देणारी प्रयोगशाळा आपल्याकडे मी पाहिलेली नाही. टिपच्या डब्याच्या झाकणात पडदा, त्यावर अँटिबॉडीचं पातळ पाणी, शीतगृहात रात्रभर हलत्या फळीवर. आणि सकाळी तेच पाणी पुन्हा नळीत ओतून, चिमूटभर सोडियम अझाइड टाकून फ्रीजमध्ये. नळीवर मार्करने लिहिलेलं: ‘ग्रब-२, एकास हजार, पाचव्यांदा, अजून चालते’. त्याखाली वेगळ्या अक्षरात: ‘नीट चालत नाही’. त्याखाली तिसऱ्या अक्षरात: ‘एक्स्पोजर वाढवा’. लिहिणारे तिघेही पीएच.डी. होऊन केव्हाच परदेशी गेलेले असतात. नळी कामावर रुजू आहे.

ब्लॉटवर काहीच आलं नाही, तर दोषी ठरवण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी ट्रान्सफर, मग व्होल्टेज, मग दूध, मग ज्याने बफर केला तो ज्युनिअर, आणि शेवटी अँटिबॉडी. नाचता येईना अंगण वाकडं असं इथे म्हणता येत नाही, कारण अंगण बऱ्याचदा खरंच वाकडं असतं. ब्लॉटवर चार पट्टे आले तर मात्र कुणालाच दोष देत नाहीत. त्यातला जो २५च्या जवळ असेल तो निवडतात आणि बाकीचे तीन कात्रीने गायब होतात. कंपनीच्या माहितीपत्रकातला फोटोही त्याच कात्रीतून आलेला असतो. लग्नाच्या बायोडेटातल्या फोटोसारखा, खांद्यापासून वर आणि एकाच बाजूने. काकांची माहिती काकांच्याच पद्धतीने दिली म्हणायची.

आणि आता तो २५चा आकडा. ग्रब-२ कुणाला धरून उभा आहे हे बघायची एक पद्धत आहे, इम्युनोप्रेसिपिटेशन. सगळे तिला आयपी म्हणतात आणि मार्च-एप्रिल-मेमध्ये हा शब्द उच्चारला की शेजारच्या खोलीतून कुणीतरी स्कोअर विचारतो. पेशी फोडायच्या, तिच्या रसात ग्रब-२ची अँटिबॉडी सोडायची, अँटिबॉडीला धरणारे बारीक मणी टाकायचे आणि मणी खाली बसवायचे. अँटिबॉडीबरोबर ग्रब-२ खाली येतो, आणि त्याने ज्यांना धरलंय तेही खाली येतात. मग सगळं उकळून जेलवर चढवायचं. उकळल्यावर अँटिबॉडीसुद्धा सुटी होते. तिच्यात दोन जड साखळ्या असतात, प्रत्येकी ५० किलोडाल्टनच्या, आणि दोन हलक्या. हलक्या साखळीचं वजन किती? पंचवीस.

म्हणजे ज्याला शोधायला साक्षीदार पाठवला, त्याच्याच जागेवर साक्षीदार येऊन बसतो. पडद्यावर २५ला दणदणीत काळा पट्टा. ग्रब-२ सापडला म्हणून पेढे आणायला माणूस पाठवावा, तर शेजारच्या रांगेत, जिथे ग्रब-२शी काही देणंघेणं नसलेल्या साध्या सशाची अँटिबॉडी टाकली होती, तिथेही तोच पट्टा त्याच दिमाखात. शेळीला सशाला ओळखायला सांगितलं होतं, तिने सशाला ओळखलं. तिचं काय चुकलं? ग्रब-२ त्या काळ्या डागाच्या पाठीमागे कुठेतरी असेलही. जड साखळीच्या मागे लपणारेही आहेत. एसएचसी नावाचा दुसरा ॲडॅप्टर ४६, ५२ आणि ६६ अशा तीन वजनांत येतो आणि त्यातले पहिले दोघे नेमके ५०च्या अल्याड-पल्याड. निसर्गाने ॲडॅप्टरांची वजनं ठरवताना अँटिबॉडीचं वजन समोर ठेवलं होतं, असा माझा पक्का संशय आहे.

यावर उपाय आहेत. आयपी उंदराच्या अँटिबॉडीने करायची आणि ब्लॉट सशाच्या. किंवा अँटिबॉडी मण्यांना कायमची शिवून टाकायची म्हणजे ती उकळल्यावर सुटणार नाही. किंवा उकळून उलगडलेल्या सशाला ओळखतच नाही, फक्त धडधाकट सशाला ओळखते अशी दुसरी अँटिबॉडी घ्यायची. तिची किंमत वेगळी आणि भाऊसाहेबांचा फोनही वेगळा.

हे झालं खऱ्या साक्षीदारांचं. ग्रब-२चं नशीब तसं बरं, त्याच्याविरुद्ध बऱ्या अँटिबॉडी बाजारात आहेत. सगळ्यांचं तसं नाही. टोरंटोमधल्या एका गटाने स्वादुपिंडाच्या कर्करोगाची खूण म्हणून सीयूझेडडी-१ नावाचं प्रथिन विकतच्या किटने मोजायला घेतलं. दोन वर्षं, पाच लाख डॉलर आणि रुग्णांचे हजारो नमुने खर्ची पडल्यावर कळलं की किटमधली अँटिबॉडी सीए-१२५ नावाचं भलतंच प्रथिन मोजत होती. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१७ साली इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटाच्या १३ अँटिबॉडी तपासल्या, त्यातली एक कामाची निघाली. उरलेल्या बारांच्या जबान्यांवर किती प्रबंध मंजूर झाले असतील, याचा विचार रात्री करू नये, झोप येत नाही.

अँड्र्यू ब्रॅडबरी आणि अँड्रियास प्लूकथुन यांनी २०१५ साली शंभराहून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्यांनिशी ‘नेचर’मध्ये हिशोबच मांडला. असल्या रसायनांवर जगात वर्षाला १६० कोटी डॉलर खर्च होतात, त्यातले निम्मे, म्हणजे ८० कोटी, वाया जातात असा त्यांचा अंदाज. सोन्याच्या भावाने घेतलेल्या दोन थेंबांतला एक थेंब मोरीत. पुढे मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने ६५ प्रथिनांच्या ६१४ अँटिबॉडींची परीक्षा झाली. २०२३ साली निकाल लागला. निम्म्याहून जास्त अँटिबॉडी एका तरी विषयात नापास. कौतुकाची गोष्ट अशी की या परीक्षेला कंपन्यांनी स्वतःहून आपला माल दिला होता, आणि निकालानंतर काही अँटिबॉडी विक्रीतून काढल्या, काहींची माहितीपत्रकं बदलली. पोराचा निकाल पाहून पालकांनी शाळेशी न भांडता पोरालाच घरी नेण्याचा प्रकार आपल्याकडे तरी दुर्मीळ.

परीक्षा मोठी साधी होती. ज्या पेशीतून तो जनुकच क्रिस्पर या जनुकं कापण्याच्या तंत्राने काढून टाकला आहे, तिचा रस अँटिबॉडीपुढे ठेवायचा. तिथे प्रथिन नाही हे आपल्याला पक्कं माहीत. तरीही अँटिबॉडी ‘आहे, आहे, मी पाहिलं’ म्हणाली की निकाल लागला. एवढंसं तपासायला पूर्वी फार खटाटोप करावा लागायचा. आता अनेक जनुकांच्या अशा नॉकआउट पेशी विकत मिळतात. पण ग्रब-२सारख्याच्या बाबतीत तिथेही अडतं. त्याच्यावाचून तग धरेल अशी पेशी आधी शोधावी लागते, नाहीतर मग आरएनएआय या जनुक दाबण्याच्या पद्धतीने त्याचं प्रमाण खाली आणून पट्टा फिका होतो का ते बघायचं. अगदीच नाही त्यापेक्षा ते बरं.

तेव्हा नव्याने या धंद्यात पडणाऱ्या पोरापोरींना एवढंच सांगणं. पुढच्या वेळी कंपनीचा प्रतिनिधी टाय लावून आला, कॅटलॉग, पेन आणि डायरी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “मॅडम, हिचे पेपर खूप आहेत,” तर त्याला चहा पाजा, डायरी ठेवून घ्या, आणि ऑर्डर देण्याआधी न कापलेला नॉकआउट ब्लॉट मागा. शेजारी साध्या आयजीजीची, म्हणजे ग्रब-२शी देणंघेणं नसलेल्या अँटिबॉडीची, रांगही मागा. तो देईपर्यंत इंडेंटवर सही करू नका.